एकच खोकला, चार पाश्चुरेला : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील एका वराहपालन शेडचा प्रकरण अभ्यास

ही हकीकत गेल्याच्या गेल्या पावसाळ्यातली आहे. मालकाच्या परवानगीने लिहितो आहे. गाव, आडनाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. रोगाचा क्रम, आकडे आणि आमच्या चुका मात्र घडल्या तशाच ठेवल्या आहेत. डुकरांच्या न्यूमोनियात नुसते जिवाणूचे नाव कळून भागत नाही, त्याच नावाखाली किती वेगवेगळी कुळे (स्ट्रेन) शेडमध्ये नांदताहेत हे कळले की उपचाराची दिशाच बदलते. हे मी पुस्तकात वाचले होते, पण पटले ते या शेडमध्ये.

पार्श्वभूमी

मालक तिशीतला. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात कामाला होता. २०२० च्या टाळेबंदीत नोकरी गेली तसा सत्तरीतल्या घरी परतला. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला थोडी पडीक जागा होती. तिथे चिऱ्यांच्या अर्ध्या भिंती उभारून, वर पत्रे घालून त्याने शेड बांधली. १२ माद्या, पैदाशीचा एक नर. जात मुख्यतः लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि तिचे संकर. गोव्याच्या स्थानिक डुकरांना ‘अगोंदा गोवन’ या नावाने राष्ट्रीय नोंदणी मिळालेली आहे. त्या रक्ताच्या दोन माद्याही त्याच्याकडे होत्या आणि त्यांचा त्याला फार अभिमान.

खाद्य म्हणजे मक्याचा भरडा, कोंडा, उन्हाळ्यात काजूच्या बोंडांचा चोथा आणि ओळखीच्या पोल्ट्रीवाल्याकडून स्वस्तात मिळणारे ब्रॉयलरचे उरलेले खाद्य. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे परत यायचे आहे.

घरी जन्मलेली वाढीची पिल्ले ४८ होती. डिसेंबरात, नाताळाच्या तोंडावर, गोव्यात डुकराच्या मांसाला सगळ्यांत चांगला भाव असतो. तेवढी घरची पिल्ले पुरणार नाहीत म्हणून त्याने एप्रिलअखेरीस २० आणि मे महिन्याच्या मध्यावर १४ अशी ३४ दूध तुटलेली पिल्ले घाटावरच्या एका व्यापाऱ्याकडून विकत घेतली. चोर्ला घाटातून टेम्पोने ती रातोरात आली. व्यापाऱ्याने ती किती दावणींवरून गोळा केली होती, हे त्यालाही नीट सांगता आले नाही. जागा कमी होती, म्हणून घरच्या पिल्लांच्या शेजारच्या खणात, मधे फक्त लोखंडी जाळी ठेवून, ती सोडली.

अडचण कशी दिसली

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला. झड आत येऊ नये म्हणून मालकाने शेडच्या दोन्ही लांब बाजूंना वरपासून खालपर्यंत निळी ताडपत्री बांधली. पंधरा दिवसांत विकतच्या पिल्लांत खोकला सुरू झाला. कोरडा, ठसक्यासारखा. उठवली की ओळीने खोकायची. खायची मात्र बऱ्यापैकी, म्हणून कुणी फार मनावर घेतले नाही. जूनअखेरीस घरची पिल्लेही खोकू लागली.

शेजारच्या गावात गुरांना पावसाळ्याआधीची घटसर्पाची लस देणारा एक अनुभवी माणूस आहे. त्याने सांगितले, ‘हा पाश्चुरेलाच, लस टोचून टाक.’ मालकाने सगळ्या डुकरांना गुरांची घटसर्पाची लस टोचून घेतली. त्या माणसाचा सल्ला अगदीच हवेतला नव्हता. घटसर्पाचा जिवाणू आणि डुकरांच्या न्यूमोनियात दिसणारा एक जिवाणू या दोघांचे नाव खरोखर एकच आहे, पाश्चुरेला मल्टोसिडा.

२ जुलैला पहिले पिल्लू मेले. औषधाच्या दुकानातून आणलेले सेफ्ट्रिअॅक्झोन हे प्रतिजैविक टोचले की ताप उतरायचा, चार दिवसांनी पुन्हा चढायचा. २४ जुलैला मला बोलावले तोवर ९ गेली होती, विकतची ६ आणि घरची ३.

मी पोचलो तेव्हा मालकाची आई शेडच्या दाराशी बसून होती. पहिले वाक्य तिचेच : ‘डॉक्टर, लस तर टोचली होती ना, मग का मरतात?’ त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला पुढे जवळपास महिना लागला.

पहिला निर्णय : आधी काय वगळायचे

डुकरे ताप येऊन मरत असतील तर आज भारतात पहिला प्रश्न न्यूमोनियाचा नसतो. २०२० साली ईशान्येत आफ्रिकन स्वाइन फीवर आला, २०२२ मध्ये तो केरळात वायनाडपर्यंत पोचला. त्यावर उपचार नाही. संशय असताना शेतावरच जनावर फाडले तर रक्तातून विषाणू सगळीकडे पसरतो. क्लासिकल स्वाइन फीवर तर पूर्वीपासून आहेच.

या डुकरांच्या कानांवर, पोटावर जांभळे डाग नव्हते, माद्या ठणठणीत होत्या, खोकला पाच आठवडे जुना होता. सगळी लक्षणे फुप्फुसाकडे बोट दाखवत होती. तरीही मी राज्याच्या पशुसंवर्धन खात्याला कळवले, तापलेल्या तीन डुकरांच्या रक्ताचे नमुने त्यांच्यामार्फत पाठवले आणि अहवाल येईपर्यंत एकही मेलेले जनावर न उघडण्याचे ठरवले. सहा दिवस गेले. त्यात दोन डुकरे मेली, ती चुना टाकून खोल पुरली. अहवाल दोन्ही विषाणूंसाठी नकारार्थी आला.

दोन ताजी फुप्फुसे हातची गेली याची हळहळ वाटली. पण हा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन.

शेडमध्ये काय होते

त्या सहा दिवसांत शेड नीट पाहता आली. उभे राहिल्यावर वास बेताचा. डुकराच्या नाकाच्या उंचीवर, म्हणजे फूटभर, वाकून बसलो तर अर्ध्या मिनिटात डोळ्यांतून पाणी आले. मूत सुकत नव्हते, कारण रोज दोनदा पाईपने धुलाई चालू होती आणि पावसाळी हवेत ओल जायला वाटच नव्हती. ताडपत्रीच्या आतल्या बाजूने थेंब ओघळत होते. मोठी, मधली आणि नुकतीच दूध तुटलेली असे सगळे वयोगट एकाच हवेत श्वास घेत होते.

अहवालानंतर मेलेले पहिले डुक्कर उघडले. फुप्फुसाचा पुढचा आणि खालचा भाग पिकलेल्या जांभळाच्या रंगाचा, हाताला घट्ट, मांसासारखा. निरोगी गुलाबी भाग आणि हा भाग यांच्यामधली रेघ सुरीने आखल्यासारखी स्पष्ट. त्या घट्ट भागाचा तुकडा बादलीतल्या पाण्यात टाकला तो दगडासारखा बुडाला. मालक शेजारी उभा होता. फुप्फुस पाण्यावर तरंगायला हवे हे त्याला ठाऊक होते. तो काही बोलला नाही.

पुढचा-खालचा भाग धरलेला असेल तर संशय मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी या जिवाणूचा आणि त्याच्या मागून येणाऱ्या पाश्चुरेलाचा. ॲक्टिनोबॅसिलस प्ल्यूरोन्यूमोनी हा जिवाणू असता तर बहुधा मागच्या-वरच्या भागात रक्ताळलेले गोळे दिसले असते, आणि डुकरे आठवडेच्या आठवडे खोकत बसली नसती. नाकातोंडातून लालसर फेस येऊन एका रात्रीत गेली असती.

समोर असलेले पर्याय

मालकाबरोबर अंगणात बसून आम्ही चार वाटा मांडल्या.

एक, प्रतिजैविक बदलून बघायचे. स्वस्त, लगेच करता येणारे आणि सगळीकडे हेच होते. आधीचे सेफ्ट्रिअॅक्झोन का फसले, याचे उत्तर मात्र साधे होते. ही औषधे जिवाणूच्या पेशीभित्तीवर काम करतात आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तीच नसते. मागून आलेला पाश्चुरेला काही दिवस दबायचा, मूळ कारण तसेच राहायचे.

दोन, टियाम्युलिन हे प्रतिजैविक खाद्यातून द्यायचे. मायकोप्लाझ्मावर ते उत्तम. पण ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीविरुद्ध सॅलिनोमायसिनसारखी औषधे मिसळलेली असतात, आणि ती टियाम्युलिनबरोबर पोटात गेली तर स्नायू निकामी होऊन जनावर मरू शकते. मी खाद्याच्या पोत्यांवरची लेबले वाचली नसती तर या पर्यायाने आम्हाला खड्ड्यात घातले असते. पर्याय तिथेच बाद.

तीन, सगळी डुकरे काढून शेड रिकामी करायची. रोगाच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ. पण माद्या विकल्या की त्याचा धंदा संपला. शिवाय शेड तशीच ठेवून पुन्हा घाटावरूनच पिल्ले आणली असती तर पुढच्या पावसाळ्यात हेच.

चार, आधी नीट नमुने घेऊन जिवाणू कोण आणि त्यांची कुळे किती हे बघायचे, मग उपचार. वेळ आणि पैसा दोन्ही जाणार होते.

मालकाचा प्रश्न रास्त होता : ‘पाश्चुरेला आहे हे कळलेच आहे, मग त्याची जात-पात काढून काय करायचे?’

मी त्याला असे सांगितले. समजा चार फुप्फुसांतून आलेला पाश्चुरेला एकाच कुळाचा निघाला. मग एखादा जहाल स्ट्रेन डुकरामागून डुकराला लागतो आहे असा संशय घ्यावा लागेल, आणि सगळा भर त्याला अडवण्यावर, आजारी वेगळी काढण्यावर आणि त्याच्याविरुद्धच्या लसीवर द्यावा लागेल. समजा प्रत्येक फुप्फुसात वेगळे कूळ निघाले. मग हे बाहेरून आलेले एक टोळके नाही. ज्याच्या त्याच्या नाकात, घशात आधीपासून राहणारे जिवाणू खाली उतरले आहेत. तेव्हा विचारायचे ते दार कुणी उघडले. दोन्हींचा अहवाल ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’ असाच येईल, पण काम वेगळे.

तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘करूया.’

नमुने : जिथे सर्वांत जास्त चुकलो

पहिल्या फुप्फुसाचा नमुना वाया गेला. डुक्कर मरायच्या आदल्या रात्री मालकाने घाबरून आणखी एक इंजेक्शन दिले होते, ते मला नमुना पाठवल्यावर समजले. त्यात शनिवार आला, बर्फ वितळला. प्रयोगशाळेतून उत्तर आले, वाढ नाही.

तेव्हा अवघड गोष्ट ठरवावी लागली. वाचण्याची आशा नसलेली आणि किमान दहा दिवसांत औषध न दिलेली चार डुकरे, दोन विकतची आणि दोन घरची, एका सकाळी वेदना न होता मारायची आणि तासाभरात फुप्फुसे बर्फावर ठेवून रवाना करायची. तिसेक किलोची चार जनावरे. मालकाच्या आईला, म्हणजे काकींना, हे पटले नाही, आणि त्यांचे चूक होते असे मला आजही वाटत नाही. शेवटी मालकाने निर्णय घेतला आणि त्या दिवशी तो शेडकडे फिरकला नाही.

या वेळी तीन गोष्टी जपल्या. तुकडे आजारी आणि निरोगी भागाच्या सीमेवरून घेतले, कारण मधोमध जिवंत जिवाणू कमी सापडतात. नाकात कापसाचा बोळा फिरवून नमुने घेतले नाहीत. नाकात पाश्चुरेला निरोगी डुकरातही असतो, त्यावरून फुप्फुसात कोण आहे हे ठरत नाही. आणि प्रयोगशाळेला लेखी विनंती केली की प्रत्येक फुप्फुसातून एकाच नव्हे, दोन वसाहती (ताटलीवर वाढलेले जिवाणूंचे ठिपके) उचलून तपासा. एकच उचलली तर बाकीची विविधता त्या ताटलीवरच राहते आणि अहवाल खोटाच एकसारखा दिसतो.

मायकोप्लाझ्मा वाढवणे फार कठीण. १९६५ साली तो पहिल्यांदा वेगळा करता आला, पण आजही त्याला खास माध्यम आणि आठवडे लागतात. म्हणून त्याच्यासाठी पीसीआर, म्हणजे जनुकद्रव्याची तपासणीच. जिवंत डुकरांच्या घशातून, स्वरयंत्राच्या तोंडाशी बोळा फिरवून १६ नमुने घेतले : विकतची ६, घरची ६, माद्या ४.

अहवालाने काय सांगितले

चार फुप्फुसांतून पाश्चुरेलाचे ७ विलगक (वेगळे काढून वाढवलेले जिवाणू) मिळाले. पाश्चुरेला मल्टोसिडाला बाहेरून एक साखरेचे आवरण असते. आवरणाच्या रसायनावरून ए, बी, डी, ई आणि एफ असे पाच प्रकार पडतात आणि प्रत्येकाचे जनुक वेगळे असल्याने पीसीआरने ते ओळखता येतात. आमच्या सातपैकी ५ ए प्रकारचे आणि २ डी प्रकारचे. बी एकही नाही.

काकींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. भारतात गुरांना दिली जाणारी घटसर्पाची लस बी:२ प्रकारच्या पी५२ या स्ट्रेनपासून बनते. गुरांच्या घटसर्पासाठी ती योग्यच, कारण तिथे तोच प्रकार मारतो. डुकरांतही बी प्रकाराचा संसर्ग रक्तात पसरल्याच्या नोंदी आहेत, म्हणून ती लस डुकराला कधीच उपयोगी नाही असे मी म्हणणार नाही. पण आमच्या शेडमधल्या ए प्रकाराचे आवरण हायल्युरोनिक आम्लाचे असते. सांध्यांत, कातडीत असते तेच द्रव्य. शरीराला ते परके वाटत नाही. बी विरुद्ध शिकवलेली फौज या आवरणापुढून न ओळखता निघून जाते. लस वाईट नव्हती, टोचण्यात चूक नव्हती. ती दुसऱ्याच शत्रूसाठी होती.

पुढची पायरी एरिक-पीसीआरची. जिवाणूच्या जनुकद्रव्यात ठिकठिकाणी विखुरलेल्या सारख्या तुकड्यांमधली अंतरे मोजून पट्ट्यांचा एक नमुना मिळतो, जसा बोटाचा ठसा. डीच्या दोन्ही विलगकांचा ठसा एकच होता. ए प्रकारच्या पाचांत मात्र तीन ठसे निघाले. विकतच्या दोन्ही डुकरांत ए-१, घरच्या एकात ए-२, दुसऱ्यात ए-३. दोन फुप्फुसांत ए आणि डी शेजारी शेजारी नांदत होते. म्हणजे ४ डुकरे आणि पाश्चुरेलाची ४ कुळे. दोन्ही डींत नाकाचे हाड झिजवणाऱ्या विषाचे जनुक नव्हते. ते डोळ्यांनाही पटत होते, कारण एकाही डुकराचे नाक वाकडे नव्हते.

ॲक्टिनोबॅसिलससाठी त्याच्या सगळ्या प्रकारांत असणाऱ्या विषाच्या, एपीएक्स-४ च्या, जनुकाची तपासणी केली, ती नकारार्थी आली. हे कळणेही महत्त्वाचे होते. त्या जिवाणूचे १९ प्रकार माहीत आहेत आणि मेलेल्या जिवाणूंपासून बनवलेल्या लसीचे संरक्षण बहुतांशी त्या त्या प्रकारापुरते असते. तिथे शिरलो असतो तर निराळेच रान होते.

मायकोप्लाझ्मा घशाच्या बोळ्यांत सापडला : विकतच्या ६ पैकी ५, घरच्या ६ पैकी ४, माद्यांत शून्य. या जिवाणूचे जनुकद्रव्य फार छोटे, नऊ लाख अक्षरांच्या आसपास. तरीही शेडमागून शेड त्याचे स्ट्रेन बदलतात. श्वासनलिकेतल्या केसांना चिकटण्यासाठी तो पी९७ नावाचे प्रथिन वापरतो आणि त्या प्रथिनात एक छोटा तुकडा ओळीने पुनःपुन्हा येतो. किती वेळा येतो ते स्ट्रेनगणिक बदलते. नऊपैकी सहा नमुन्यांत मोजण्याइतके जनुकद्रव्य मिळाले आणि सहाही ठिकाणी आकडा एकच आला.

इथे मला स्वतःला आवरावे लागले. ‘सापडला! घाटावरच्या पिल्लांनीच आणला!’ असे मालक लगेच म्हणाला आणि माझ्याही मनात तेच होते. पण आकडा वेगळा आला असता तर कुळे दोन आहेत हे नक्की झाले असते. आकडा सारखा आला म्हणून कूळ एकच, असे सिद्ध होत नाही. तेवढ्या एका खुणेवर दोन वेगळे स्ट्रेनही सारखे दिसू शकतात. माद्या नकारार्थी आल्या म्हणजे त्या मोकळ्या आहेत असेही नाही. जुन्या मादीत तो फार थोडा असतो आणि एका बोळ्यात निसटतो. संसर्ग झालेले डुक्कर २०० दिवसांहून जास्त काळ दुसऱ्याला तो देऊ शकते. एवढेच म्हणता येत होते की खोकला विकतच्या खणातून सुरू झाला आणि दोन्ही खणांतला मायकोप्लाझ्मा वेगळा असल्याचा पुरावा नाही.

चित्र तरी उभे राहिले. चार कुळांचे पाश्चुरेला हे मागून आलेले. दार उघडले मायकोप्लाझ्माने, श्वासनलिकेतल्या केसांचा जंतू बाहेर लोटणारा झाडू मोडून. आणि ते दार उघडे राहिले ताडपत्रीमागच्या, मुतातून सुटणाऱ्या अमोनियामुळे, कारण अमोनियाही तोच झाडू मोडतो.

काय केले

औषधाचा निर्णय कुळांमुळेच बदलला. माझा पहिला बेत सगळ्यांना खाद्यातून डॉक्सिसायक्लिन द्यायचा होता. मायकोप्लाझ्मा आणि पाश्चुरेला दोन्हींवर चालते. पण विकतच्या डुकरांतला ए-१ टेट्रासायक्लिनला, म्हणजे डॉक्सिसायक्लिनच्याच गटाला, दाद देत नव्हता. ए-२, ए-३ आणि डी दाद देत होते. एकाच फुप्फुसाचा अहवाल असता तर, ते फुप्फुस कुठल्या खणातले यावर, आम्ही अर्ध्या शेडला चुकीचे औषध दिले असते. म्हणून घरच्या खणाला खाद्यातून डॉक्सिसायक्लिन, विकतच्या खणातल्या तापलेल्यांना एकेकाला धरून फ्लोरफेनिकॉलचे इंजेक्शन. ब्रॉयलरचे खाद्य त्या दिवसापासून बंद. प्रत्येक डुकराच्या कानावर रंग लावून, औषध कधी थांबले आणि मांसासाठी कधीपासून चालेल ही तारीख वहीत लिहिली.

त्याच दिवशी ताडपत्री वरून दीड फूट सोडली. झड समोरून येते त्या बाजूला खालचा भाग बंद ठेवला, दुसरी बाजू दिवसा पूर्ण उघडी. रोजची धुलाई थांबवून खरवडून कोरडे काढायला सुरुवात केली. मालकाला हे फार जड गेले. स्वच्छता म्हणजे पाणी, हे आपल्याकडे अंगात भिनलेले आहे. पाचव्या दिवशी त्याने स्वतःच खाली वाकून वास घेतला, मग वाद राहिला नाही. विकतचा खण उचलून शेडच्या वाऱ्याखालच्या टोकाला नेला, मधे एक खण रिकामा. आधी लहान, मग मोठी, शेवटी विकतची या क्रमानेच काम, आणि त्या खणाचे गमबूट वेगळे.

खोकला मोजायचे काम काकींनी घेतले. सकाळी डुकरे उठवायची, एक मिनिट थांबायचे, मग तीन मिनिटे मोजायचे. कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने दोन आकडे : वर विकतची, खाली घरची. माझ्या सगळ्या अहवालांपेक्षा त्या चौकोनांवर मी जास्त भिस्त ठेवली.

मायकोप्लाझ्माची लस त्या वेळी आम्हाला हाताशी मिळाली नाही. मिळाली असती तरी आजारी शेडमध्ये लगेच टोचून काही साधले नसते. ती फुप्फुसाचे नुकसान आणि खोकला कमी करते, जिवाणूला घशात बसण्यापासून रोखत नाही.

निष्पत्ती

उपचार सुरू झाल्यावर आणखी २ मेली, दोन्ही विकतची. विकतच्या खणात पहिल्या दिवशी खोकल्याचा आकडा ४१ होता, तीन आठवड्यांनी १२, चवथीच्या दिवशी ९. घरच्या खणात चवथीपर्यंत ३ वर आला. शून्य कधीच झाला नाही. ८२ पैकी ६४ डुकरे नाताळापर्यंत टिकली. घरची ठरलेल्या वजनाच्या जवळ पोचली, विकतची बरीच मागे राहिली आणि कमी भावाने गेली. त्या ३४ पिल्लांत त्याने पैसे गमावले.

डिसेंबरात कत्तलीच्या वेळी मी १८ फुप्फुसे पाहिली. ११ वर आकसलेल्या, करड्या वणांच्या रेघा होत्या. बऱ्या झालेल्या न्यूमोनियाची खूण ती हीच.

आज पुन्हा केले असते तर

जूनमध्ये कोरडा खोकला सुरू झाला तेव्हाच बोळे घ्यायला हवे होते. मला कुणी बोलावले नव्हते हे खरे, पण मे महिन्यात मी त्याच गावात गुरांसाठी गेलो होतो आणि नवी पिल्ले आल्याचे कानावर आले होते. एक फेरी मारायला हवी होती. विकतची पिल्ले निदान आठ आठवडे वेगळ्या छपराखाली ठेवा, एवढे सांगितले असते तरी पुष्कळ होते.

पहिल्याच भेटीत ताडपत्री सोडायला हवी होती. मी अहवालांची वाट पाहत थांबलो. त्या अहवालांचा आणि हवेचा काही संबंध नव्हता. ते दिवस मला अजून बोचतात.

चार फुप्फुसे थोडी होती. निरोगी दिसणाऱ्या दोन-तीन डुकरांच्या घशातला पाश्चुरेला तुलनेला घेतला असता तर ‘आधीपासून राहणारे’ हे माझे म्हणणे जास्त ठामपणे मांडता आले असते. आज ते सुसंगत अनुमान आहे, पुरावा नाही. डीचे एकच कूळ दोन्ही खणांत सापडले, तेव्हा निदान ते तरी जाळीतून फिरले असावे. त्याकडे मी त्या वेळी पुरेसे लक्ष दिले नाही.

सर्वांत मोठी चूक साधी होती. विलगक जपून ठेवा, असे मी प्रयोगशाळेला सांगितले नाही. अहवाल दिल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे ते नष्ट केले. गेल्या पावसाळ्यात घरच्या पिल्लांत खोकला पुन्हा आला. सौम्य, एकही मेले नाही. बाहेरून एकही पिल्लू आणलेले नव्हते. त्या वेळी मिळालेल्या पाश्चुरेलाचा एक ठसा आधीच्या ए-१ सारखा दिसत होता. ज्या खणातली डुकरे केव्हाच विकली गेली होती, त्या खणाचे कूळ घरच्या पिल्लांत कसे आले? माद्यांत मुक्काम करून? की दोन वेगवेगळ्या दिवशी चालवलेल्या ठशांत मलाच साम्य दिसले? जुने जिवाणू हाताशी असते तर दोन्ही शेजारी ठेवून, सात जनुके वाचून, एका आठवड्यात उत्तर मिळाले असते. आता माझ्याकडे जुन्या ठशाचा एक फोटो आहे.

यंदा मृगाच्या आधीच मालकाचा फोन आला. ताडपत्री वरून मोकळी बांधली आहे, पिल्ले फक्त घरची आहेत, आणि काकींनी नव्या कालनिर्णयवर पहिला आकडा लिहिला आहे, ४. प्रयोगशाळेला पत्र देऊन ठेवले आहे : या शेडमधून जे काही वाढेल त्याची एकेक नळी गोठवून ठेवावी, खणाचा क्रमांक आणि तारीख घालून.